अंगारकीची रात्र पायी चालणाऱ्यांना द्या

जालन्याहून राजूर साधारण पंचवीस किलोमीटर. गाडीने गेलं तर पाऊण तासाचं काम. तरीही अंगारकीच्या आदल्या रात्री, म्हणजे सोमवारची जेवणं आटोपली की, जालन्यातून माणसांची रीघ लागते. त्यात पोरंसोरं असतात, सासू-सुना असतात, दुकानाचं शटर ओढून तसेच निघालेले व्यापारी असतात, नवसाचे अनवाणीही असतात. ताशी साडेचार किलोमीटरची चाल धरली तरी पाच-सहा तास लागतात. वाटेत चहा आणि साबुदाण्याची खिचडी घेऊन उभ्या असलेल्या मंडळांचा आग्रह मोडवत नाही, म्हणून पोहोचेपर्यंत पहाट होते. आणि पाय पुरते बोलायला लागले की मग समोर टेकडी येते. राजुरेश्वर वर बसलाय.

गणेशाच्या साडेतीन पीठांतलं हे पूर्ण पीठ मानतात. वरेण्य राजाला गणेशगीता इथेच सांगितली, अशीही श्रद्धा आहे. पण या सदराचा विषय चालणं हा आहे, म्हणून प्रश्नही तेवढाच: दर्शन वरच व्हायचं असेल, तर गाडीने गेल्याने काय बिघडतं?

हाच प्रश्न वेगळ्या वेशात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. केसी मार्टिन या गोल्फपटूच्या उजव्या पायात रक्ताभिसरणाचा जन्मजात विकार होता. मैदानभर चालणं त्याला झेपत नव्हतं, म्हणून त्याने बॅटरीवरची गाडी मागितली. स्पर्धा भरवणारे म्हणाले, चालून येणारा थकवा हा खेळाचाच भाग आहे. 2001 मध्ये न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी मार्टिनच्या बाजूने कौल दिला. सुनावणीत एका तज्ज्ञाने हिशेब मांडला होता की, पाच तासांत पाच मैल चालून जेमतेम 500 कॅलरी खर्च होतात, एका बर्गरपेक्षाही कमी. (आपल्याकडे वाटेवरच्या दुसऱ्या बशीतच हा हिशेब फिटतो.)

निकाल योग्यच होता. ज्याला चालता येत नाही त्याला गाडी मिळालीच पाहिजे. पण ज्याचे पाय धड आहेत त्याने त्या निकालाच्या आड लपू नये. गाडीत बसलं की जालना ते राजूर हा नुसता डांबराचा पट्टा असतो. चालणाऱ्याला रस्ता कुठे चढतो ते पोटऱ्या सांगतात, ओल्या रानावरून आलेला गारवा अंगाला लागतो, आणि शेजारून चालणारा अनोळखी माणूस तासाभरात आपल्या घरचं सगळं सांगून टाकतो. शेवटच्या चढावर पावलं आखूड पडतात, दम लागतो, बोलणं आपोआप थांबतं. माझ्या मते दर्शनाची तयारी तिथे पूर्ण होते.

म्हणून चालणाऱ्यांच्या गर्दीत हॉर्न वाजवत मोटारसायकल घुसवणाऱ्यांचा मला राग येतो. अंगारकीला पोलीस या मार्गावरची वाहतूक वळवतात. तो नियम रात्रीपुरता दुचाकींनाही तितकाच कडक लावावा. खासगी गाड्या टेकडीपासून लांबच उभ्या कराव्यात. वरपर्यंत वाहन जायचंच असेल, तर ते फक्त वृद्ध, अपंग आणि आजारी भाविकांसाठी असावं.

चालणाऱ्यांनाही चार गोष्टी सांगतो. नवी चप्पल घालून निघू नका. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे दिसतील अशा बेताने रस्त्याच्या उजव्या कडेने चला, आणि पाठीच्या पिशवीला चमकणारी पट्टी लावा. चढ छातीची परीक्षा घेतो, पण गुडघे दुखवतो तो उतार. दर्शन घेऊन खाली येताना घाई करू नका. आणि रात्रभर जागून परतीला कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसू नका, सरळ एसटीने घरी या.