मदरशातील गणित-विज्ञान शिक्षकांच्या थकीत मानधनाबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब यांसी

विषय : डॉ. झाकिर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेखालील शिक्षकांचे अकरा महिन्यांचे मानधन.

महोदय,

याच विषयावरील आमचे हे चौथे निवेदन होय. पहिल्या तिहींच्या पोचपावत्या आवक क्रमांकांसह सोबत जोडल्या आहेत; उत्तरे जोडता आली नाहीत, कारण ती आलीच नाहीत.

जुलै २०१५ मध्ये, जेथे गणित, विज्ञानादी विषय शिकविले जात नाहीत अशा मदरशांतील मुलांस शासनाने शाळाबाह्य ठरविले, तेव्हा ज्या मुलास बाराव्या वर्षी कुराणाचे तीसही पारे मुखोद्गत आहेत त्याची गणना अशिक्षितांत व्हावी, हे आमच्या वडीलधाऱ्यांस फार लागले. तथापि हिफ्ज पूर्ण केलेल्या त्याच मुलास बँकेतील पैसे भरण्याची पावती दुसऱ्याकडून लिहवून घ्यावी लागते, हेही आम्ही पाहत होतो. सबब दर्स-ए-निजामीच्या पाठांस धक्का न लावता, जोहरच्या नमाजानंतरचे दोन तास आम्ही गणित, विज्ञान व मराठीस दिले आणि रीतसर अर्ज करून २०१३ पासून अंमलात असलेल्या सदर योजनेत सामील झालो. गणित शिकवा, हा आग्रह शासनाचा होता. गणित शिकविणाऱ्याचे वेतन मात्र शासनाच्याच दप्तरी अडकून पडले आहे.

आमचे गणिताचे शिक्षक डी.एड. असून शेजारच्या गावाहून एस.टी.ने येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने त्यांच्या श्रेणीचे मानधन ६,००० वरून १६,००० रुपये करण्याचा निर्णय घेतला, त्या दिवशी त्यांनी मुलांस पेढे वाटले. ते पेढे, क्षमा असावी, आम्हांस आजही आठवतात. आता भाड्यास पैसे नसले म्हणजे ते पायी येतात आणि येताना खडू आपल्या खिशातून आणतात. हे मानधन रमजानपूर्वी मिळेल, असे प्रथम सांगण्यात आले, रमजान गेला. मग दिवाळीच्या सुट्टीनंतरचा वायदा झाला, आणि तोही टळल्यावर मार्चअखेरचा. संबंधित कार्यालयातील कारकून देयक कोषागारात गेल्याचे सांगतात, कोषागारात विचारावे तर देयक आलेच नाही असे कळते. या दोन मेजांमधील अंतर चालून आमच्या मुहतमिम साहेबांनी चपलांचे दोन जोड झिजविले. हजेरीपत्रक आम्ही दरमहा पाठवितो. एकदा ते गहाळ झाले म्हणून पुन्हा मागविले. दुसरी प्रत दिल्यावर पहिली सापडली, देयक तेवढे सापडले नाही.

शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे चार टक्केच मदरशांत जातात, असे सच्चर समितीने २००६ मध्ये नमूद केले. तो आकडा दाखवून आमचा प्रश्न किरकोळ ठरविला जातो. परंतु आमच्याकडील बहुतेक मुले वीटभट्टीवर वा ऊसतोडीस जाणाऱ्यांची असून, त्यांस दोन वेळचे जेवण आणि झोपण्यास सतरंजी देणारे दुसरे विद्यालय या परिसरात नाही. दहावीच्या परीक्षेस बसण्याचा त्यांचा मार्ग या दोन तासांतूनच जातो.

अतएव सर्व थकबाकी सुधारित दराने एकरकमी द्यावी, आणि देयक नेमके कोणाच्या मेजावर आहे हे आम्हांस लेखी कळवावे. प्रयोगसाहित्याचे व ग्रंथालयाचे अनुदान, तसेच पिण्याच्या पाण्याची टाकी, यांचे अर्ज पूर्वीच दिलेले आहेत; त्यांचाही विचार व्हावा.

तोंडी आश्वासनासाठी कृपया आम्हांस पुन्हा बोलावू नये. गणिताच्या शिक्षकांनी या महिनाअखेरपर्यंतच येता येईल असे आम्हांस लिहून दिले आहे. ते पत्र सोबत जोडले आहे.

आपला नम्र,
चिटणीस, मदरसा व्यवस्थापक समिती