कानातला रातकिडा आणि फिरतीची नोकरी

कचेरीने आम्हाला फिरतीची जागा देऊ केली आहे. चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, थेट सिरोंचापर्यंत. भत्ता बरा, आणि मुलीचे कॉलेज समोर आहे. पण सात वर्षांपासून आमच्या कानात रातकिडा ओरडतो. डॉक्टर त्याला टिनिटस म्हणतात. तो रोग नव्हे, लक्षण आहे. हमखास औषध नाही. (आवाज एकाच कानात किंवा नाडीच्या ठोक्यासारखा येत असेल तर वाचकहो, तपासणी टाळू नका.)

घरची मंडळी एस.टी.च्या इंजिनाला भ्याली. इंजिनाजवळची सीट टाळता येते, कानात फोमचे बूच घालता येतात. आम्ही भ्यालो मुक्कामाच्या रात्रीला, कारण हा आवाज गोंगाटात बुडतो आणि शांततेत वर येतो.

म्हणून होकारापूर्वी मार्कंड्याला मेहुण्याकडे एक रात्र काढून पाहिली. पंखा चालू होता तोवर ठीक. बाराला लाईट गेली, पंखा थांबला आणि कान किंचाळू लागला. शेवटी वैनगंगेकडची खिडकी उघडली. बाहेर खरे रातकिडे होते! त्यांच्यात आमचा हरवला. तीनच्या सुमारास डोळा लागला.

सोमवारी अर्ज दिला : जागा मंजूर, पण सलग दोनच मुक्काम. साहेबांचे उत्तर यायचे आहे. सौ.ने बॅगेत सेलचा रेडिओ ठेवला आहे.