तारण होते, तरी रुपया घसरला

१/ ‘नोटेमागचे सोने गेले की पैशाची किंमत जाते’ हे सूत्र इतिहासप्रेमींच्या चर्चेत सर्रास ऐकू येते. ते अपुरे आहे. पुरावा दूरचा नाही: १९३९ ते १९४५ चा रुपया.

२/ रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ नुसार चलनी नोटांमागे किमान ४० टक्के तारण सोन्याचे किंवा स्टर्लिंग रोख्यांचे असणे बंधनकारक होते. मेख त्या ‘किंवा’त होती. महायुद्धात ब्रिटनने हिंदुस्थानातून कापड, धान्य, पोलाद उचलले आणि मोबदला लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने मांडून ठेवला. ते रोखे तारण दाखवून येथे नोटा छापल्या गेल्या. कागदाला कागदाचे तारण!

३/ युद्धारंभी चलनात सुमारे १८० कोटींच्या नोटा होत्या. युद्धाअखेर त्या ११०० कोटींच्या पुढे गेल्या. सोने मात्र ४४ कोटींवरच राहिले. घाऊक भाव दुपटीहून अधिक वाढले. तरीही कायद्यातील तारणाचे प्रमाण कागदोपत्री अबाधितच होते.

४/ राजपुरी खाडीच्या मुखावरील दिघी तेव्हा जंजिरा संस्थानात होती. गादी सिद्दी नवाबाची, नोट मात्र ब्रिटिश हिंदुस्थानची. कोकणातील असंख्य घरे मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालत. गिरणीतल्या कामगाराला निदान महागाई भत्ता मागता येत होता. गावी पेटीत जपलेल्या नोटांना कोणता भत्ता मिळणार?

५/ आक्षेप ठरलेला आहे: मार्च १९४२ मध्ये रंगून पडले, ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, म्हणून महागाई झाली. टंचाई खरीच होती. परंतु टंचाईच्या काळात राज्यकर्त्याने खर्च कर आणि कर्जातून भागवायचा असतो. नोटा वाढवल्या की टंचाईचा भार ज्याचे उत्पन्न वाढत नाही त्याच्या ताटावर पडतो. मुंबई विद्यापीठाचे प्रा. सी. एन. वकील यांनी १९४३ मध्येच ‘द फॉलिंग रुपी’ या पुस्तकातून या नोटावाढीवर बोट ठेवले होते.

६/ त्याच्या २० वर्षे आधी, १९२३ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात मूळ दुखणे दाखवले होते: रुपया किती काढायचा हे सरकारच्या मर्जीवर सोडू नये, त्याला निश्चित मर्यादा हवी.

७/ म्हणून कोणत्याही चलनाचा इतिहास वाचताना ‘तिजोरीत काय होते?’ एवढ्यावर थांबू नये. नोट छापणाऱ्याचा हात कोण धरू शकत होते, हेही विचारावे. १९४२ च्या दिघीत तो अधिकार कोणाकडेच नव्हता.