मोडीचा भाव

गेल्या उन्हाळ्यात बहिणीच्या लग्नासाठी आजीची बोरमाळ मोडली. इंझोरीहून वडील आणि मी ती रुमालात बांधून कारंज्याला घेऊन गेलो. सराफाने मण्यांतली लाख काढली, सोने तोलले, घट वजा केली आणि मोडीचा भाव कागदावर मांडला. हिशेब चोख होता. तरी परतीच्या एस.टी.त वडील एक शब्द बोलले नाहीत. आजोबांनी कपाशीच्या एका चांगल्या सालानंतर केलेली, १९७२ च्या दुष्काळात गहाण पडून सुटून आलेली ती माळ होती. हे कोणत्या तागडीत तोलायचे?

कोणी म्हणेल, दागिने काय आजच मोडले जातात? ते खरेच आहे. पाटल्यांच्या बांगड्या झाल्या, एका गोफाची दोन मुलींत वाटणी झाली. पण गावचा सोनार घरच्यांच्या देखत मूस तापवी आणि तेच सोने नवे रूप घेऊन घरी येई. सासूचे सोने सुनेच्या अंगावर आले, असे खरेपणाने म्हणता येई. आज आपले सोने दुकानात राहते आणि दुसरेच घरी येते. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आले, १४ कॅरटहून शुद्ध दागिना घडवायला बंदी झाली, तेव्हा कितीतरी सोनारांच्या शेगड्या विझल्या. १९९० मध्ये कायदा रद्द झाला खरा, पण तोवर अनेकांची मुले दुसऱ्या धंद्याला लागली होती.

दुसरेपणावर आलेल्या सुनेच्या गळ्यात पहिलीचा टाक घालण्याची रीत महाराष्ट्रात पुष्कळ घरांत होती. तिच्या मुळाशी मेलेल्या सवतीची भीती होती. त्या रीतीचे गोडवे मी गाणार नाही. परंतु गेलेल्या बाईची आठवण राहावी म्हणून सोनाराची हातोडी चाले, एवढे तरी त्यात होते. आता दागिन्यावर हॉलमार्क असतो, सहा अक्षर-अंकांची खूण असते. त्यावरून शुद्धता कळते. तो कोणाच्या गळ्यात होता, हे कळत नाही.

मोडूच नका, असे मी म्हणत नाही. लग्ने अडतात, कर्जे अडतात. पण कारागीर मिळाला तर त्याच सोन्याचा दागिना घडवून घ्या, घडणावळ चार पैसे जास्त पडली तरी. आणि निदान एक मणी मागे ठेवा.

आम्ही ठेवला होता. नव्या हारात ओवून द्या म्हटले, तर सराफ म्हणाला, रंग जुळणार नाही. बहिणीने तो काळ्या पोतीत ओवला आहे. रंग खरोखरच जुळत नाही.