कोनशिला नसलेले काम

निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यास शाल-श्रीफळ अर्पण करताना त्याच्या कारकिर्दीत झालेले पूल, रस्ते, इमारती यांची यादी वाचून दाखविण्याची आपल्याकडे प्रथा आहे. हवा शुद्ध राखण्यासाठी झटणाऱ्याची मात्र पंचाईत होते. त्याची कोनशिला बसवायची कोठे? दिल्लीच्या पर्यावरण प्रदूषण प्राधिकरणाचे अध्यक्ष भुरेलाल यांची बावीस वर्षांची कारकीर्द ऑक्टोबर २०२० मध्ये संपली. तीही एका अध्यादेशाने प्राधिकरणच बरखास्त झाल्यामुळे. या कारकिर्दीचे पुरेसे मोल झाले आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

एकेकाळी अंमलबजावणी संचालनालयाचे प्रमुख असलेल्या या सनदी अधिकाऱ्याकडे १९९८ साली हे काम आले. त्याच वर्षी जुलैत, प्राधिकरणाच्या शिफारशीवरून, सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील सर्व बसगाड्या ३१ मार्च २००१ पर्यंत नैसर्गिक वायूवर चालविण्याचा आदेश दिला. सरकारी यंत्रणेने चालढकल केली. मुदत संपली तेव्हा बसगाड्या अपुऱ्या पडल्या आणि पंपांवर रिक्षांच्या लांबच लांब रांगा लागल्या. हाल झाले ते कारकुनांचे आणि विद्यार्थ्यांचे; मोटारवाल्यांचे नव्हेत.

दरम्यान केंद्राने नेमलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकर समितीने निराळे मत दिले. सरकारने धुराची मर्यादा ठरवावी, इंधन कोणते वापरावे हे ठरवू नये, असा तिचा आशय होता. वर्गात मीही हेच शिकवितो. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने त्यात काही वावगे नाही. परंतु रेशनचे रॉकेल डिझेलहून कितीतरी स्वस्त होते आणि ते डिझेलमध्ये बिनबोभाट मिसळले जात होते. अशा बाजारात मर्यादा कितीही काटेकोर आखली, तरी टाकीत काय ओतले गेले यावर पाळत कोणी ठेवायची? वायूमध्ये रॉकेल मिसळता येत नाही, हा भुरेलाल यांच्या पक्षाचा साधा पण बिनतोड मुद्दा होता. ५ एप्रिल २००२ रोजी न्यायालयाने आपला आदेश कायम ठेवला व डिझेलच्या बसगाड्यांना रोजचा दंड लावला. वर्ष सरता सरता शहरातील बससेवा वायूवर आली.

हवा काही काळ सुधारली आणि पुन्हा बिघडली, हेही नोंदविले पाहिजे. खाजगी मोटारी बेसुमार वाढल्या आणि स्वस्त डिझेलने त्यांना हातभारच लावला. इंधनाचे भाव आणि कर प्राधिकरणाच्या हाती नव्हते. त्याचा दोष एका अध्यक्षावर लादणे न्यायाचे नव्हे. हवा बिघडत जाईल तसतसे निर्बंध कडक करणारी, २०१७ साली अधिसूचित झालेली टप्प्याटप्प्याची योजना प्राधिकरण गेल्यावरही टिकली, ही बाब मला कोणत्याही सत्कारापेक्षा मोठी वाटते.

भुरेलाल यांना कोणी मानपत्र लिहिणार असेल, तर त्याने २००१ च्या त्या रांगांत रात्र काढणाऱ्या रिक्षाचालकांसाठीही त्यात दोन ओळी राखून ठेवाव्यात. खर्चाचा पहिला हप्ता त्यांनीच भरला होता.