गल्ल्यातला पैसा आणि वहीतला नफा

आमच्या तरुणांनी नोकरीची वाट न पाहता धंदा करावा, असे आज प्रत्येक व्यासपीठावरून सांगितले जाते. सांगणारे बहुतेक पगारदार किंवा पेन्शनर असतात, ते असो. संग्रामपूर तालुक्यात वरवट बकालपासून सोनाळ्यापर्यंत आमच्या मुलांनी किराणा, शिलाई, मोबाईल दुरुस्ती, झेरॉक्स अशी दुकाने टाकली आहेत. गावात बौद्धाच्या हॉटेलात चहा प्यायला आजही काहींचे मन होत नाही, म्हणून शिजवलेल्या अन्नाच्या धंद्यात आमचे लोक कमी दिसतात. जे दुकान टाकतात त्यांतले काही दोन-तीन वर्षांत शटर खाली ओढतात. मग पारावर चर्चा होते की, "यांच्या जातीला धंदा जमत नाही." जातीचा आणि वजाबाकीचा काय संबंध? पण ही वजाबाकी आमच्या तरुणाला शिकवली कोणी, हा प्रश्न मात्र आम्ही चळवळीलाच विचारणार आहोत.

समजा, एका समाजबांधवाचे किराणा दुकान आहे. महिन्याची विक्री ९०,००० रुपये. शंभर रुपयांच्या विक्रीत मालाची किंमत वजा जाता १२ रुपये सुटतात, म्हणजे १०,८०० रुपये. यातून दुकानभाडे २,००० गेले, वीजबिल ६००, शेगाव-खामगावहून माल आणण्याचे भाडे १,२००, उंदीर-घूस आणि खराब माल ५००, कर्जाचे व्याज १,०००. एकूण खर्च ५,३००. हाती राहिले ५,५००. कर्जाच्या हप्त्यातील मुद्दल १,८०० रुपये आहे. मुद्दल हा खर्च नव्हे, पण ते याच पैशातून फेडावे लागते. राहिले ३,७००. आता घरात जो तेल-तांदूळ-साखर दुकानातूनच जातो आणि वहीत लिहिला जात नाही, तो ४,००० रुपयांचा धरा. दुकानदार ३०० रुपयांनी मागे गेला! शिवाय ९०,००० पैकी १५,००० उधारीत अडकले ते वेगळेच. तरीही महिनाभरात गल्ल्यातून ७५,००० रुपये फिरलेले असतात आणि ते फिरताना पाहून त्याला वाटते की, आपला धंदा जोरात आहे. प्रत्यक्षात तो रोज थोडे थोडे भांडवल खात असतो. ठोक व्यापाऱ्याच्या उधारीवर फळ्या भरलेल्या दिसतात, म्हणून ते लक्षात येत नाही, एवढेच.

अजून त्याची स्वतःची मजुरी आम्ही धरलेलीच नाही. तो सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत बसतो, दुपारी त्याची पत्नी बसते. दुसऱ्याकडे ४०० रुपये रोजाने २६ दिवस गेला असता तर १०,४०० मिळाले असते. पत्नीच्या श्रमाची तर कोणी गणतीच करत नाही, हा मनुवाद आमच्याही घरात आहे. खर्च आणि एका माणसाची मजुरी मिळून १५,७०० होतात. शंभराला १२ सुटत असतील तर एवढे निघण्यासाठी महिन्याला सुमारे १ लाख ३१ हजारांची विक्री हवी. हा आकडा दुकान टाकण्याआधी काढायचा असतो. समोरचा दुकानदार स्वस्त देतो म्हणून आमचा मुलगा शंभराची वस्तू ९५ ला देतो, तेव्हा १२ ऐवजी ७ रुपये सुटतात आणि पहिल्याइतकेच कमवायला जवळजवळ पावणेदोनपट माल खपवावा लागतो. तेवढे गिऱ्हाईक गावात आहे का?

बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित होते, हे आम्ही १४ एप्रिलला सांगतो. 'द प्रॉब्लेम ऑफ द रूपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, हेही सांगतो. पण बडोद्याहून मुंबईत परतल्यावर त्यांनी शेअर-रोख्यांबाबत सल्ला देणारा स्वतःचा व्यवसाय काढला होता आणि सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईके फिरकेनाशी झाली, हे किती भाषणांत येते? पुढे १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय अकौंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी व्यापारी कायदा शिकवला. तेव्हा जातीमुळे धंदा बुडतो हे खरेच आहे. मात्र आमच्या दुकानदाराचा धंदा कोणत्या महिन्यात जातीमुळे बुडाला आणि कोणत्या महिन्यात हिशेबामुळे, हे वही असल्याशिवाय सांगता येणार नाही.

सरकारचे काय? महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. ५ एप्रिल २०१६ ला 'स्टँड-अप इंडिया' आली, तिची मुदत मार्च २०२५ पर्यंत होती. तिचे कर्ज १० लाखांपासून पुढे. संग्रामपुरात ज्याला लाखभर रुपये हवेत, त्याने तिच्या जाहिराती वाचाव्यात! 'मुद्रा'च्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतात. एवढ्या छोट्या कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो व्यवस्थापकाला सांगण्याचे धाडस मात्र अंगी पाहिजे. त्याहून मोठी अडचण हप्त्याची आहे. आमच्या भागात पैसा कापसावर चालतो. वेचणी सुरू झाली की हाती येतो आणि उन्हाळ्यापासून पेरणीपर्यंत आटतो. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने सारखाच. कर्ज घेतानाच हंगामाप्रमाणे हप्ते लेखी मागितले पाहिजेत. नोटीस आल्यावर वकिलाकडे येणाऱ्यांना आम्ही हेच सांगत असतो, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

उधारीबाबत दोन गोष्टी. धंद्यात नियमितपणे ठेवलेल्या वहीतील नोंद न्यायालयात ग्राह्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम २८ तेच सांगते. पण केवळ त्या नोंदीवरून कोणावर देणे लादता येत नाही, म्हणून उधार नेणाऱ्याची सही घ्यावी. मालाच्या किमतीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने लेखी कबुली सही करून दिली तर ती नव्याने मोजली जाते. शाळेचे गणवेश शिवून देणाऱ्या आमच्या भगिनींनी 'उद्यम' नोंदणी आधीच केली असेल, तर २००६ च्या कायद्याने त्यांचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते व्हायला हवे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला हे संरक्षण नाही.

जिल्हा उद्योग केंद्र घाटावर, बुलढाण्याला. घाटाखालच्या माणसाचा एक हेलपाटा म्हणजे एक दिवसाचा गल्ला बुडाला. विहारे मात्र गावोगावी आहेत आणि समाजात बी.कॉम. झालेली मुले-मुली रिकामी बसली आहेत. रविवारी वंदनेनंतर एक तास दुकानदारांनी आपापल्या वह्या घेऊन बसावे. घरात गेलेला माल लाल शाईने लिहावा, दुकानाचे बँक खाते घरापेक्षा वेगळे ठेवावे, महिनाअखेर शिल्लक माल मोजावा. वर्षावासात तीन महिने लोक विहारात येतातच. यंदाच्या आषाढ पौर्णिमेला ग्रंथवाचनासोबत ही वहीही उघडावी, असा प्रस्ताव आम्ही तालुक्यातील सर्व शाखांपुढे ठेवत आहोत.