विश्लेषण : संगणक नवा, प्रिंटर जुना… चालता प्रिंटर विंडोज ११मध्ये का अडतो?

विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर छोट्या कार्यालयांत, शाळांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत संगणक बदलले जात आहेत. नवा संगणक टेबलावर आला की पहिली अडचण अनेकदा प्रिंटरची येते. टोनर भरलेला, कागद लावलेला, कालपर्यंत रोज शेकडो प्रती काढणारा प्रिंटर नव्या संगणकाला ओळखू येत नाही. दोष प्रिंटरच्या वयाचा असतो की आणखी कशाचा? आणि तो भंगारात काढण्यापूर्वी काय करून पाहता येते?

अर्नाळ्यासारख्या गावात हा प्रश्न महत्त्वाचा का?

विरार पश्चिमेला समुद्रकिनारी वसलेल्या अर्नाळ्यात मोबाइल घरोघरी आहे, पण कागदाची गरज संपलेली नाही. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे अर्ज, प्रवेशाची कागदपत्रे ऑनलाइन मिळतात आणि शेवटी छापूनच जोडावी लागतात. मासेमारी बोटींची नोंदणी आणि परवान्याचे अर्ज ‘रिअलक्राफ्ट’ या पोर्टलवर होतात, तरी सोबतची कागदपत्रे कुणाला तरी स्कॅन करावी लागतात आणि परवान्याची प्रत छापून घ्यावी लागते. दहावी-बारावीची प्रवेशपत्रे शिक्षण मंडळ ऑनलाइन देते. ती छापून, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह विद्यार्थ्यांना देण्याची जबाबदारी शाळेची असते. एकच प्रिंटर असलेल्या शाळेत किंवा दुकानात तो अडला, तर प्रिंटसाठी आगाशी किंवा विरार गाठावे लागते. अर्नाळा किल्ल्यावरून येणाऱ्याला तर आधी बोट पकडावी लागते.

प्रिंटर तोच, मग अडते काय?

संगणक आणि प्रिंटर यांची भाषा एक नसते. दोघांमध्ये दुभाषाचे काम करणारे सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर. तो प्रिंटरच्या कंपनीने लिहिलेला असतो आणि ठरावीक ऑपरेटिंग सिस्टीमसाठीच असतो. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की दुभाषाही नवा लागतो. कंपनीने तो लिहिलाच नाही, तर प्रिंटरचा एकही भाग झिजलेला नसताना तो निरुपयोगी ठरतो.

विंडोज ११मध्ये यात एक भर पडली. विंडोज १० ही ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन्ही प्रकारांत मिळत होती. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. त्यामुळे जुन्या ३२ बिट संगणकावर वर्षानुवर्षे चाललेला ड्रायव्हर नव्या संगणकावर बसतच नाही. प्रिंटरसोबत आलेली जुनी सीडी जपून ठेवली असली तरी तिच्यात ६४ बिटचा ड्रायव्हर नसेल, तर तिचा उपयोग नाही.

अधिक जुना प्रिंटर चालतो आणि मधला अडतो, असे का?

इथे वयापेक्षा प्रिंटरची रचना महत्त्वाची ठरते. पान कसे छापायचे याचा हिशेब कोण करतो, प्रिंटर की संगणक, यावर सारे अवलंबून असते.

काही प्रिंटरना स्वतःची प्रमाणित भाषा कळते. एचपीची पीसीएल आणि अ‍ॅडोबीची पोस्टस्क्रिप्ट या भाषा १९८४च्या सुमारास आल्या. एप्सनच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची ‘ईएससी/पी’ ही भाषाही तितकीच जुनी असून, ती इतर अनेक कंपन्यांनी स्वीकारली. अशा प्रिंटरसाठी त्या मॉडेलचा ड्रायव्हर नसला तरी त्याच भाषेचा सर्वसाधारण ड्रायव्हर बऱ्याचदा काम भागवतो. म्हणूनच दुकानातला बिल छापणारा डॉट मॅट्रिक्स नव्या संगणकावरही चालू शकतो. विंडोजमधील ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हरने त्यावर इंग्रजी मजकूर आणि आकडे उमटतात. देवनागरी मात्र त्या मार्गाने उमटत नाही. तिच्यासाठी अक्षरे चित्ररूपाने पाठवणारा ड्रायव्हर लागतो.

याउलट २००० नंतरच्या दशकात स्वस्त लेझर प्रिंटरची लाट आली. किंमत कमी ठेवण्यासाठी कंपन्यांनी प्रिंटरमधला ‘मेंदू’ काढून संगणकावर टाकला. पानाचा संपूर्ण हिशेब संगणक करतो आणि प्रिंटर फक्त ठिपके उमटवतो. भारतातील कार्यालयांत ठिकठिकाणी दिसणारे एचपी लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९०० हे याच जातीचे. दोघांचीही स्मृती अवघी २ एमबी आहे. लेझरजेट १०२०चे उदाहरण तर बोलके आहे. त्याचे अंतर्गत सॉफ्टवेअर त्याच्यात कायम साठवलेले नसते. प्रिंटर सुरू केला की दर वेळी संगणकातला ड्रायव्हर ते त्याला पाठवतो. म्हणजे ड्रायव्हर नसेल तर छपाई दूरच, प्रिंटर पुरता जागाही होत नाही.

हे प्रिंटर यंत्र म्हणून दणकट निघाले आणि म्हणूनच वीस वर्षांनंतरही टिकून आहेत. पण त्यांचे आयुष्य त्यांच्या गिअर-रोलरवर नव्हे, तर दुसऱ्याच्या संगणकातील एका फाइलवर अवलंबून राहिले. घेताना स्वस्त पडलेल्या प्रिंटरची उरलेली किंमत ग्राहक आता मोजत आहेत.

मायक्रोसॉफ्टने धोरण का बदलले?

सुरक्षेसाठी. विंडोजमध्ये छपाईचे काम ‘प्रिंट स्पूलर’ नावाची सेवा करते आणि तिला संगणकाचे सर्वोच्च अधिकार असतात. २०१०मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ने पसरण्यासाठी वापरलेल्या वाटांपैकी एक याच सेवेतून जात होती. जुलै २०२१मध्ये ‘प्रिंट नाइटमेअर’ ही त्रुटी समोर आली आणि मायक्रोसॉफ्टला नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर तातडीचा अपडेट द्यावा लागला. तीन वर्षांत आपल्याकडे नोंदवलेल्या विंडोजच्या सुरक्षा प्रकरणांपैकी ९ टक्के छपाईशी संबंधित होती, असे कंपनीने डिसेंबर २०२३मध्ये सांगितले.

हा धोका मोठ्या कंपन्यांपुरता नाही. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर दिवसभर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडे असते आणि त्यावर गावातल्या लोकांचे आधार, पॅन, पासबुक येत असते. प्रिंटर चालावा म्हणून सुरक्षा अपडेट बंद ठेवलेला संगणक हा ग्राहकांच्या कागदपत्रांसाठी उघडा दरवाजा ठरतो.

नवे वेळापत्रक काय आहे?

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३मध्ये कंपन्यांच्या स्वतंत्र ड्रायव्हरची सोय टप्प्याटप्प्याने आवरती घेण्याचे जाहीर केले. त्यानुसार १५ जानेवारी २०२६ पासून विंडोज ११साठी नवे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटवर घेणे थांबवण्यात येते. १ जुलै २०२६ हा पुढचा टप्पा. त्यानंतर ड्रायव्हर निवडताना विंडोज स्वतःच्या सर्वसाधारण आयपीपी ड्रायव्हरला पहिली पसंती देते. १ जुलै २०२७ पासून कंपन्यांच्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेशी संबंधित दुरुस्ती वगळता बदल स्वीकारले जाणार नाहीत.

‘आयपीपी’ म्हणजे इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल. प्रिंटरने स्वतःची माहिती स्वतःच संगणकाला सांगायची, स्वतंत्र ड्रायव्हर लागूच नये, ही त्यामागची कल्पना. मोबाइलवरून थेट प्रिंट निघते ती याच धर्तीवर. अ‍ॅपलने २०१०मध्ये एअरप्रिंट आणले, तर कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी २०१३मध्ये मोप्रिया ही संघटना स्थापन केली.

म्हणजे जुने प्रिंटर बंद होणार का?

सरसकट नाही. विंडोज अपडेटवर आधीपासून असलेले ड्रायव्हर पुढेही बसवता येतील आणि कंपनीच्या संकेतस्थळावरचा ड्रायव्हर उतरवून घेण्याची मुभाही कायम आहे. आज विंडोज ११वर चालणारा प्रिंटर या तारखांना आपोआप बंद पडत नाही. फरक पुढे जाणवेल. विंडोजमध्ये बदल होत जातील आणि जुन्या ड्रायव्हरमध्ये त्यानुसार बदल करण्यात कंपन्यांना रस उरणार नाही.

एका सेटिंगबाबत मात्र सावध राहायला हवे. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ ही सोय आली आहे. ती मुळात बंद असते. सुरू केल्यास फक्त मोप्रिया प्रमाणित प्रिंटर चालतात आणि कंपनीच्या ड्रायव्हरवर चालणारे प्रिंटर यादीतून काढले जातात. नंतर सोय बंद केली तरी ते पुन्हा बसवावे लागतात. जुना प्रिंटर वापरणाऱ्यांनी हे बटण दाबू नये.

मॅक आणि लिनक्सवर ही अडचण नाही का?

आहे, पण रूप वेगळे. ऑक्टोबर २०२०मध्ये एचपीच्या ड्रायव्हरचे डिजिटल प्रमाणपत्र रद्द झाल्याने अनेक मॅकवर छपाई अचानक थांबली. ड्रायव्हर संगणकाला घातक असल्याचा इशारा स्क्रीनवर येत होता. हे प्रमाणपत्र रद्द करण्याची विनंती एचपीनेच अ‍ॅपलकडे केली होती. लिनक्सवर जुन्या प्रिंटरसाठी स्वयंसेवकांनी लिहिलेले ड्रायव्हर आहेत. लेझरजेट १०२० तिथे चालवता येतो, फक्त त्याचे अंतर्गत सॉफ्टवेअर वेगळे उतरवून घ्यावे लागते.

प्रिंटर बदलण्याआधी काय करून पाहावे?

– प्रिंटरची केबल आधी जोडू नये. कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलचे नेमके नाव टाकून विंडोज ११ किंवा विंडोज १०चा ६४ बिट ड्रायव्हर शोधावा. विंडोज १०चा ६४ बिट ड्रायव्हर बहुतेक वेळा ११वरही चालतो. ड्रायव्हर बसवताना सूचना येईल तेव्हाच केबल जोडावी.

– संकेतस्थळावर नसेल तर सेटिंगमधील ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये जाऊन प्रिंटर हाताने जोडण्याचा पर्याय घ्यावा. ड्रायव्हरच्या यादीत ‘विंडोज अपडेट’ हे बटण दिसते. ते दाबल्यावर यादी मोठी होते. याला काही मिनिटे लागतात, मध्येच बंद करू नये.

– पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट समजणाऱ्या प्रिंटरसाठी कंपनीचा ‘युनिव्हर्सल’ ड्रायव्हर वापरून पाहावा. लेझरजेट १०२०सारख्या संगणकावर विसंबलेल्या प्रिंटरला तो चालत नाही.

– यातले काहीच जमले नाही, तर जुना संगणक किंवा रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक मदतीला येतो. त्यावर लिनक्स आणि ‘कप्स’ हे छपाईचे सॉफ्टवेअर बसवून जुना प्रिंटर त्याला जोडायचा. तो नेटवर्कवर आयपीपी प्रिंटर म्हणून दिसतो आणि विंडोज ११ला जुन्या ड्रायव्हरची गरजच उरत नाही. हे काम जाणकाराकडून एकदाच करून घ्यावे लागते.

– संगणक विंडोज ११साठी पात्र नसेल, तर घरगुती वापरकर्त्यांना विंडोज १०चे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिली आहे. हा श्वास घेण्यापुरता वेळ आहे, कायमचा उपाय नाही.

कोणते ‘जुगाड’ टाळावेत?

एका संगणकाला जोडलेला प्रिंटर दुसऱ्यावरून वापरताना ‘११बी’वर संपणारा एरर कोड येतो, हा अनेक कार्यालयांचा अनुभव. सप्टेंबर २०२१च्या अपडेटनंतर दोन संगणकांमधील छपाईच्या संवादाला अधिक कडक सुरक्षा लागू झाली, हे त्याचे कारण. रजिस्ट्रीत एक बदल करून ही सुरक्षा बंद करण्याचा सल्ला यूट्यूबवर सर्रास मिळतो. त्याने प्रिंट निघते, पण बंद केलेली वाट पुन्हा उघडते. त्यापेक्षा दोन्ही संगणक अद्ययावत करून प्रिंटर नव्याने जोडावा, किंवा प्रिंटरला नेटवर्कची सोय असल्यास तो थेट राउटरला जोडावा.

जुन्या ऑल-इन-वन यंत्रांत ‘स्कॅन टू फोल्डर’ बंद पडते, त्यामागे फाइल पाठवण्याची जुनी पद्धत असते. विंडोजने ती सुरक्षेसाठी बंद ठेवली आहे. ती पुन्हा सुरू करण्यापेक्षा पेन ड्राइव्हवर किंवा केबलने स्कॅन घेणे बरे. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाची फुकट सॉफ्टवेअरही टाळावीत. ड्रायव्हर कंपनी किंवा मायक्रोसॉफ्ट यांच्याकडूनच घ्यावा.

नवा घ्यायचाच असेल तर?

पानांचा वेग आणि टोनरची किंमत पाहण्याची सवय ग्राहकांना आहे. त्यात आणखी दोन प्रश्नांची भर घालावी. प्रिंटर मोप्रिया प्रमाणित किंवा एअरप्रिंटवर चालणारा आहे का? त्याला पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट कळते का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो प्रिंटर पुन्हा एका कंपनीच्या एका ड्रायव्हरवर विसंबलेला आहे आणि पुढच्या विंडोजला हाच प्रसंग उभा राहू शकतो.

खरा प्रश्न ग्राहकाच्या हक्काचा आहे. केंद्र सरकारने जुलै २०२२मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचे पोर्टलही सुरू केले. चर्चा प्रामुख्याने सुटे भाग आणि दुरुस्ती पुस्तिकांची होते. ड्रायव्हर हाही प्रिंटरचा भागच आहे, फक्त तो हातात धरता येत नाही. तो किती वर्षे मिळेल, हे खोक्यावर सहसा लिहिलेले नसते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटर आणि कार्ट्रिजचाही समावेश आहे आणि त्यांच्या पुनर्वापर प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणजे प्रिंटर मेल्यावर काय करायचे याचे नियम आहेत. एका फाइलअभावी तो वेळेआधी मरू नये, याची जबाबदारी कुणाची, हे अजून ठरायचे आहे. तोवर चालत्या प्रिंटरचा ६४ बिट ड्रायव्हर आजच उतरवून पेन ड्राइव्हवर जपून ठेवणे, एवढे तरी प्रत्येक शाळेला आणि दुकानदाराला करता येईल.